सासूबाईंच्या खांद्यासाठी वीज

लग्न होऊन मी पंचवटीतल्या सासरी आले, त्यानंतरचा तो पहिला उन्हाळा. आमच्या गल्लीत अजून वीज आली नव्हती. मामंजी हायस्कुलात विज्ञान शिकवत. सुट्टी लागली तशी त्यांनी शाळेतली एक नादुरुस्त पेटी घरी आणली. आत नालाच्या आकाराचा मोठा लोहचुंबक, त्याच्या टोकांपुढे फिरणारी तारेची रिळं, फिरवायला दांडा आणि हातात धरायला दोन पितळी नळ्या. अशा पेटीचे झटके तेव्हा आखडलेल्या सांध्यांना देत, आणि सासूबाईंचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. मामंजींची घाई कशासाठी, ते सगळ्यांना कळत होतं.

तारेवरचं रेशीम जागोजागी झिजलं होतं. उघडी तार तारेला लागली की प्रवाह मधूनच जवळची वाट धरतो, असं मामंजी म्हणाले. मी माझ्या भरतकामातलं रेशीम काढून दिलं. दुपारभर मी तारेला दोरा गुंडाळत होते आणि ते तार रिळावर चढवत होते. तोवर 'हो' आणि 'नाही' यापलीकडे मी त्यांच्याशी बोलले नव्हते. त्या दिवशी धीर करून विचारलं, "मामंजी, यात वीज साठवलेली कुठे असते?"

"साठवलेली नसतेच, मुली. चुंबकापुढून तार फिरत राहिली की तारेत वीज तयार होते. फिरायची थांबली की संपली."

"घुसळल्यावर लोणी येतं तसं?" तांदूळ निवडता निवडता सासूबाई म्हणाल्या.

"लोणी दह्यात आधीच असतं. इथे फिरवायला जे कष्ट पडतात, त्यांचीच वीज होते."

"मग कष्ट तुमचे तुम्ही करा. मी काही त्या नळ्या धरायची नाही. जीवबीव गेला म्हणजे?"

त्यांची भीती मोडायला मामंजींनी ठरवलं की झटका सगळ्यांनी मिळून घ्यायचा. माझे यजमान नुकतेच बाहेरून आले होते, त्यांनाही बसवलं. एक नळी सासूबाईंच्या हातात, दुसरी माझ्या, आणि मध्ये हे.

"एका नळीतून निघालेला प्रवाह दुसरीत परत यायला हवा," मामंजी म्हणाले. "एकमेकांचे हात धरा."

सासूबाईंनी मुलाचा हात धरला. आम्ही दोघं तसेच बसलो. वडीलधाऱ्यांसमोर आम्ही एकमेकांशी बोलतसुद्धा नव्हतो. हे आढ्याकडे बघत होते, मी चटईकडे. मामंजी दांडा फिरवत राहिले, पण काहीच झालं नाही.

"बिघडलेलीच आहे अजून," सासूबाई म्हणाल्या.

"पेटी ठीक आहे. वाट मध्येच तुटलीय."

सासूबाईंनी आमच्याकडे पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. "अरे, धर की तिचा हात! लग्नात चारचौघांत धरलास ना?"

ह्यांनी हात धरला. दांडा फिरला आणि मनगटापासून कोपरापर्यंत मुंग्या आल्या, बोटं आपोआप मिटली. मामंजी जोरात फिरवू लागले तसा झटकाही वाढला. सासूबाई आधी "अगं बाई!" म्हणून ओरडल्या आणि मग हसत सुटल्या. "पुरे, पुरे!"

मुंग्या थांबल्या. माझा हात मात्र ह्यांच्या हातातच होता.

"अहो, पेटी थांबली ना?" सासूबाईंनी विचारलं.

"केव्हाच," मामंजी म्हणाले आणि पाठ वळवून उगाचच स्क्रू पिळू लागले.

मग सुट्टीभर रोज सकाळी सासूबाई आपणहून खांद्यावर ओलं फडकं आणि त्यावर एक नळी ठेवून, दुसरी हातात धरून बसत. खांदा हळूहळू सुटला. विजेने सुटला की हात हलता राहिल्याने, ते मामंजींनाही सांगता येईना. पण ज्या सकाळी सासूबाईंनी आपला अंबाडा आपणच घातला, त्या सकाळी ते काही ना काही निमित्त काढून सारखे स्वयंपाकघरात डोकावत होते.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी पेटी परत करायची होती. "एकट्याला जड होईल, दोघं मिळून न्या," सासूबाई आम्हाला म्हणाल्या. ती तशी फार जड नव्हती. परत येताना आम्ही गोदावरीच्या घाटावर दिवेलागणीपर्यंत बसून राहिलो, आणि उशीर का झाला हे घरी कुणीही विचारलं नाही.