सांगलीच्या प्रयोगात मी नव्हतो

नमस्कार मंडळी. या सदरातले अनुभव मी जेवताना टाइमपास म्हणून वाचायचो आणि दर वेळी बायकोला म्हणायचो, लोकांना कामधंदे नाहीत. आता स्वतःच लिहायला बसलोय. हसायचं तर हसा... पण निदान तुम्ही तरी ऐकून घ्या, कारण आमच्या नाटकाच्या ग्रुपमध्ये कोणी ऐकून घ्यायला तयार नाही.

मी साताऱ्याच्या एमआयडीसीत नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी नाटक. चौदा वर्षं पोस्टमन, हवालदार, शेजारी असली कामं केल्यावर दिग्दर्शक विलासदादाने पहिल्यांदाच मोठी भूमिका दिली. लग्नाच्या गोंधळाचं विनोदी नाटक, त्यात मी विसराळू मामा. मध्यंतरानंतरची वीस मिनिटं माझ्याच जिवावर. सांगलीला दुपारचा प्रयोग होता आणि आमचे आबा, म्हणजे वडील, प्रथमच माझं नाटक बघणार होते. आबा मिलिटरीतून रिटायर, आता कोरेगावजवळ ऊस आणि आलं बघतात. नाटक म्हणजे तोंडाला रंग फासायचे धंदे, हे त्यांचं ठाम मत. सांगलीच्या आत्याने आग्रहाने आणलं म्हणून आले. त्यांना एकदा तरी हसवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मध्यंतरात धोतर नीट करायला मी मागच्या मेकअप रूममध्ये गेलो, दार लोटलं. निघताना ओढलं तर उघडेना. मोबाइल नाही — प्रयोगाआधी सगळ्यांचे मोबाइल विलासदादा स्वतःच्या पिशवीत टाकतो. खिडकीला जाळी. मी दार बडवलं, हाका मारल्या, लाथा घातल्या. घंटा झाली, पडदा वर गेला... आणि माझ्या एंट्रीला हशा आला.

भिंतीपलीकडून शब्द कळत नव्हते, पण हशाच्या जागा मला पाठ आहेत. छत्रीला एक, चहाला एक. सगळे बरोबर येत होते. मध्येच एक भलताच मोठा आला, जिथे आमच्या नाटकात हशाच नाही. मला इतका राग आला की घाबरायचं राहूनच गेलं. माझं काम करतंय कोण?

नाटक संपल्यावर विलासदादाने बाहेरून दार ढकललं. सहज उघडलं. "पडदा पडताच पळालास कुठं? आज मैदान मारलंस गड्या," म्हणत त्याने मिठीच मारली. मी म्हणालो, दादा, मी मध्यंतरापासून इथे अडकलोय. तर म्हणे, विसराळू मामा अजून अंगातून गेला नाही वाटतं. बाकीच्यांचंही तेच. त्यांनी म्हणे मला बघितलं, माझ्याशी संवाद म्हटले. दार बडवून सुजलेली दोन बोटं दाखवली, तर म्हणे टेबलावर हात आपटलास तेव्हा लागलं असेल. अहो, माझ्या कामात टेबलावर हात आपटणं नाहीच!

तेवढ्यात आबा आले. डोळे पुसत होते.

"लय हसलो रं. माझी चाल केलीस न्हवं? डावा पाय टाकताना कमरंत हात... वळकलं मी."

आबांची नक्कल मी स्टेजवर सोडा, घरीसुद्धा कधी केलेली नाही. तेवढी हिंमतच नाही. पण मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

त्यानंतर पाच प्रयोग झाले. आबा प्रत्येकाला येतात, तिसऱ्या रांगेत बसतात आणि हसत नाहीत. "सांगलीसारखं न्हाई झालं," म्हणतात आणि निघतात. विलासदादाही तेच ऐकवतो. डॉक्टरांना दाखवून झालं. सांगलीला परत जाऊन ते दार वीस वेळा उघडून झालं, मुकाट उघडतं. व्हिडिओ कोणाकडेच नाही, मोबाइल पिशवीत होते. चौदा वर्षांत एकदाच माझं कौतुक झालं आणि तेव्हा मी धोतर धरून दार बडवत होतो. नुसती चिडचिड होते.

शेवटी आरशासमोर आबांची चाल करून बघितली. जमेना. जमणार कशी, ती मी कधी नीट बघितलीच नव्हती. म्हणून गेल्या रविवारी गावी गेलो आणि बांधावरून त्यांच्या मागे, पावलात पाऊल टाकत चालायला लागलो. डावा पाय, कमरेत हात. थोडं पुढे गेल्यावर आबा मागे न बघताच म्हणाले,

"सांगलीत तर झाक केलं हुतंस. आता बघाय का लागतंय रं?"

मी कमरेत हात ठेवला आणि त्यांच्या मागे पुढचं डावं पाऊल टाकलं.