आरशातून बोलणारा

माझ्या धाकट्या भावाच्या जिभेला हाड नाही, असं त्याच्या सलूनमध्ये येणारं कोणीही सांगेल. खुर्चीत माणूस बसला, गळ्याभोवती कापड बांधलं आणि कात्री चालू झाली, की याचं तोंडही चालू होतं. शेजारीच माझं शिवणकामाचं दुकान आहे आणि मध्ये नुसती फळीची भिंत, त्यामुळे गावभरच्या लोकांची सुखदुःखं मला मशीनवर बसल्या बसल्या कळतात.

पण हे सगळं बोलणं आरशातून. गिऱ्हाइकाच्या मागे उभं राहायचं, आरशातल्या त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं आणि बोलायचं. समोरासमोर बसवला की हाच माणूस मूग गिळून बसतो. स्वतःच्या लग्नाची गोष्ट त्याने माझ्याकडे काढली ती मी त्याच्याकडे केसांची टोकं कापून घ्यायला बसले होते तेव्हा, माझ्या डोक्यामागून. मी वळायला लागले तर म्हणाला, "ताई, हलू नकोस, कान जाईल." पोरगी कोण, कुठली, हे सगळं मी मान ताठ ठेवून ऐकलं.

तर अशा माणसावर परक्या भाषेत तोंडी परीक्षा द्यायची वेळ आली.

त्याची बायको नर्स. परदेशात म्हाताऱ्या माणसांच्या एका आश्रमात तिला चांगली नोकरी लागली आणि ती लेकीला घेऊन पुढे गेली. ह्याने मागून जायचं ठरलं होतं. पण तिकडचा नियम असा, की नवऱ्याला त्यांच्या भाषेत साधं बोलता आलं पाहिजे, नाहीतर प्रवेश नाही. हा दोनदा नापास झाला. तिसऱ्यांदाही झाला असता, तर पुढची दोन वर्षं परीक्षेला बसता आलं नसतं.

दोन वर्षं मोठ्या माणसाला काढता येतात. पण लेक गेली तेव्हा इतकी लहान होती, की तिकडची शाळा सुरू होताच तिकडचीच भाषा तिच्या तोंडात बसली. फोनवर आधी एखाद-दुसरा शब्द तिकडचा यायचा, मग वाक्यं यायला लागली, आणि मग फक्त "बाबा" एवढाच आपला शब्द उरला. मध्ये माझी भावजय बसायची आणि लेकीचं बोलणं नवऱ्याला सांगायची. बापलेकीच्या मध्ये दुभाषी. मला तर ते बघवायचं नाही.

अभ्यासात त्याने कसूर केली नाही, हे मात्र सांगायला हवं. आरशाच्या कडेने क्रियापदांचे कागद चिकटवले होते. त्या भाषेत एकेका क्रियापदाची इतकी रूपं, की मी म्हटलं, "अरे, एवढ्या रूपांत तर आख्खं खानदान बसेल." शिवाय टेबल पुरुष, दरवाजा बाई आणि लहान मूल ना धड हे ना ते. कोणाच्याही डोक्याला फवारा मारताना हा भूतकाळ घोकायचा. व्याकरणाच्या लेखी परीक्षेत वर्गात पहिला आला. शिकवणी घेणारे सर केस कापायला यायचे तेव्हा त्यांच्याशी त्या भाषेत घडाघडा बोलायचा. सर खूश. आणि त्याच संध्याकाळी वर्गात सरांसमोर बाकावर बसला, की दातखीळ. सर म्हणायचे, "भीती घालवा." भीती काय केसांसारखी असते का, कापली आणि झाडून टाकली?

मी म्हटलं, माझ्यासमोर सराव कर. जेवणाच्या टेबलाशी त्याला बसवलं आणि कागदावरचा प्रश्न वाचला. त्याने माझ्याकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं, कपाळावरचा घाम पुसला. शेवटी उठून माझ्या मागे जाऊन उभा राहिला आणि उत्तर दिलं. मला इतका राग आला, की मी कागद फेकला. म्हटलं, "तिथे परीक्षा घेणाऱ्या बाईच्या मागे जाऊन उभा राहणार आहेस का?"

परीक्षेला मी त्याच्याबरोबर गेले, कारण एकटा गेला असता तर दारातून परत आला असता. लांब बोळ, भिंतीला लागून खुर्च्या, आणि प्रत्येक खुर्चीवर एकेक माणूस ओठ हलवत बसलेला. त्याचं नाव पुकारलं तेव्हा तो उठला आणि शर्टाच्या खिशावर हात ठेवून आत गेला. दाराला चौकोनी काच होती. आत डोकावू नका, असं शिपायाने बजावलं होतं. मी डोकावलेच.

टेबलापलीकडे एक वयस्क बाई आणि एक तरुण माणूस, दोघंही तिकडचे. बाजूच्या भिंतीत मोठी खिडकी. खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची काळपट भिंत जवळजवळ चिकटूनच, त्यामुळे काचेत खोलीतलं सगळं स्वच्छ दिसत होतं. बाईंनी काहीतरी विचारलं. माझा भाऊ गप्प. पुन्हा विचारलं. पुन्हा गप्प. संपलं, असं मला वाटलं.

मग त्याने मान वळवली आणि खिडकीच्या काचेकडे बघत बोलायला लागला.

ते घडाघडा बोलणं मला दाराबाहेरूनही ओळखता आलं. खांदे सैल झाले, हात हलायला लागले. मी देवाचं नाव घेतलं. आणि तेवढ्यात तो तरुण परीक्षक उठला. खिडकीशी गेला, पडदा ओढला, झटकला, काचेवर बोट फिरवून बघितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. मग माझ्या भावाला उभं करून खिसे रिकामे करायला लावले. खिशातून एक कंगवा पडला. बाकी काही नव्हतं.

त्यांना वाटलं होतं, की हा कुठून तरी बघून वाचतोय. आणि वाटणारच ना. ज्या माणसाच्या तोंडून सुरुवातीला शब्द फुटत नाही, तो एकदम खिडकीकडे तोंड करून व्याकरणशुद्ध बोलायला लागला, तर मीही तेच समजले असते. मला आत घुसून सांगावंसं वाटलं, की अहो, हा चोर नाही, हा केस कापतो. पण मला त्यांच्या भाषेत नमस्कारसुद्धा म्हणता येत नव्हता. शिपायाने मला दारापासून ओढलं. पुढचं मला नंतर त्याच्याकडून कळलं, तेही जिना उतरताना, मी पुढे आणि तो मागे असताना.

बाई म्हणाल्या, "तुम्ही कुठे बघत होता ते सांगा. माझ्याकडे बघून सांगा. नाहीतर परीक्षा इथेच रद्द."

ह्या प्रश्नाचं उत्तर त्याने घोकलेलं नव्हतं. पुस्तकात स्टेशनचा रस्ता होता, डॉक्टरची वेळ होती, घरमालकाशी भांडण होतं, हे नव्हतं. पडदा ओढलेला, काच गेलेली. समोर ती बाई, तिचे निळे डोळे आणि चष्म्याची साखळी.

"मी केस कापतो," तो म्हणाला. रूप चुकलं. "माणूस आरशात. मी मागे. तसं बोलतो. समोर येत नाही."

"आणि घरी?" बाईंनी विचारलं. "बायकोशी, मुलीशी कसं बोलता?"

तरुण परीक्षक कागद गोळा करायला लागला. आणि मग माझ्या भावाने त्या परक्या बाईला जे सांगितलं, ते मला, त्याच्या सख्ख्या बहिणीला, आजवर सांगितलं नव्हतं.

"मुलगी फोनवर आईला विचारते, या माणसाशी किती वेळ बोलायचं. आई मला सांगते, ती म्हणते आठवण येते. मला समजते. खूप दिवस समजते. मी गप्प."

एकही क्रियापद धड नव्हतं, असं तो स्वतःच म्हणाला. मी जिन्यात थांबले. मागे वळले नाही.

"मग त्या काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"काही नाही. पेन उचललं. म्हणाल्या, पुढचा प्रश्न."

निकाल दुपारीच मिळाला. पास झाला होता. व्याकरणात, ज्यात हा वर्गात पहिला, त्यात जेमतेम काठावर. संभाषणात बरे गुण होते. मी रडले, आणि रडले म्हणून स्वतःवरच चिडले.

संध्याकाळी दुकानातून त्याने फोन लावला. आरशाखालच्या फळीवर फोन उभा केला. मी माझ्या दुकानात जायला निघाले तर म्हणाला, "थांब ना, ताई." पडद्यावर भावजय आणि तिच्या मांडीवर आमची चिमणी. चिमणीने आईकडे तोंड केलं आणि पुटपुटली. भावजय हसून म्हणाली, "अहो, ती म्हणतेय, तुमची फार आठवण..."

"पाच मिनिटं," तो मध्येच त्या भाषेत म्हणाला. थेट लेकीकडे बघून. एवढं मलाही कळलं, इतक्यांदा मी त्याला ते भिंतीपलीकडून घोकताना ऐकलं होतं. "पाच मिनिटं बोल. मग जा खेळायला."

भावजयीचा चेहरा पांढरा पडला. चिमणीने मात्र मान तिरकी करून पडद्याजवळ तोंड आणलं.

"तुला येतं?" तिने विचारलं.

"थोडं," तो म्हणाला आणि थांबला. मला दिसत होतं, कपाळावर पुन्हा घाम. एवढं करून इथे घोडं अडलं तर?

चिमणीला काय वाटलं कोण जाणे. ती एकदम वळली आणि तिने फोनकडे पाठ केली. मागचे केस हाताने धरून दाखवायला लागली. एका बाजूला लांब, एका बाजूला आखूड, अगदी उंदराने कुरतडल्यासारखे.

माझ्या भावाने ते बघितलं आणि त्याचे खांदे खाली आले.

"हे कोणी कापले?" त्याने विचारलं.

"आईने," ती पाठमोरीच म्हणाली, आणि मग सांगतच सुटली. तो एकेक विचारत होता, चुकत होता, ती त्याला सुधारत होती. मला त्यातलं थोडंच तेव्हा कळलं, बाकीचं त्याने नंतर सांगितलं. पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली होती, आणि दोघांपैकी कोणीही घड्याळाकडे बघितलं नाही.