खाणीच्या काठावरून केलेली ढवळाढवळ

शिस्तीचा म्हणून ज्याचा लौकिक असतो, त्याच्या फजित्या लोक विशेष जिव्हाळ्याने जपतात. माझ्या तर एका वर्षात इतक्या साठल्या, की इतरांनी वाढवून सांगण्याआधी आपणच सांगितलेल्या बऱ्या!

माझी सून मधुरा मोहालीत नोकरी करते आणि दर रविवारी डेराबस्सीच्या पुढे, पाण्याने भरलेल्या जुन्या दगडखाणीत डायव्हिंग शिकते. कोण उतरले, कोण वर आले, याची नोंद काठावर बसून मी वहीत ठेवत असे. मी जुनी मॅट्रिक, अक्षर वळणदार. म्हणून प्रशिक्षक ग्रेवालजींनी हे काम माझ्याकडे सोपवले.

*

पहिल्याच दिवशी पाहिले, तर सुशिक्षित माणसे आपापल्या मास्कच्या काचेवर थुंकत होती! मी सगळे मास्क गोळा केले, साबणाने धुतले, पुसून कोरडे केले. थुंकीमुळे काचेवर वाफ धरत नाही, हे मला कोण सांगणार?

शिकायला आलेले पाचही जण आंधळ्यासारखे वर आले. ग्रेवालजी म्हणाले, “आंटीजी, ऐसा साफ़ किया, कि कुछ दिखा ही नहीं!”

*

चंदीगडच्या सेक्टर ३४ मध्ये क्लासला जाणारा गगन सिलिंडरशिवाय, एका श्वासावर डायव्हिंग करतो. एकदा तो काठाजवळ पाण्यावर पालथा, निश्चल दिसला. मी रामरक्षा म्हणत छत्रीच्या दांड्याने त्याला जोरात ढोसले.

तो उसळून म्हणाला, “आंटी, दस सेकंड और! मेरा रेकॉर्ड था, यार!”

“यार” मला उद्देशून होते.

*

पाण्यात अंगठा वर केला, की अर्थ एकच: पुरे, वर चला. तो कुणीही दाखवावा आणि कारण कुणीही विचारू नये, हा तिथला कडक नियम.

परीक्षेच्या दिवशी मधुरा थोडी खाली गेली आणि अंगठा दाखवून परतली. सर्वांदेखत मी विचारले, “का ग? घाबरलीस? आपल्या घरात कुणी काम अर्धवट सोडत नाही.”

तिने मास्क नीट बसवला. पुन्हा उतरली. वर आली तेव्हा पाण्याच्या दाबाने दुखावलेला कान गच्च धरला होता आणि मास्कमध्ये नाकातले रक्त होते.

ग्रेवालजींनी माझ्या हातातली वही अलगद काढून घेतली. ओरडले असते, तर बरे झाले असते.

*

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मधुरा पुन्हा पाण्यात उतरली. दोनच मिनिटांत अंगठा दाखवून परत आली. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

जिभेवर आलेले सगळे मी गिळले आणि थर्मास उघडला.

“मधुरा, चहात साखर किती घालू?”

ती टॉवेल हातात तसाच धरून उभी राहिली.

“आई, लग्नाला अकरा वर्षं झाली. आज पहिल्यांदा विचारलंत!”