हळदीतलं बूच

मार्गासनीहून आलेल्या माणसानं आधी पाणी मागितलं. मी तांब्या दिला आणि विचारलं, "फटफटी बंद पडली वाटतं पुन्हा?" कुठं अडकला की दादा असाच कुणाबरोबर निरोप धाडायचा. त्या माणसानं तोंड पुसलं. "फटफटी न्हाई वं बाई... डाक्तर गेलं." वर धनगरांच्या वाडीवर मेंढरं तपासता तपासता छातीवर हात ठेवून तो खाली बसला, तो उठलाच नाही. पाच आठवडे झाले त्याला.

दादा भोरला गुरांचा डॉक्टर होता. मी त्याची धाकटी बहीण. लग्नाच्या चौथ्या वर्षी कपाळ पुसून त्याच्या दारात आले. वहिनी त्याआधीच गेलेली. म्हणजे घरात आम्ही दोघंच, आणि त्यातला एक सदा वेल्ह्याच्या डोंगरात! आठवड्यातले पाच दिवस मी भिंतींशी बोलायची. खोटं कशाला सांगू, त्या फटफटीचा मला राग यायचा.

पण तिचा क्लच बिघडला की माझी चैन. इंजिनाचा जोर चाकाला जोडायचा नि सोडायचा, तो हा क्लच. त्यातल्या चकतीला भोकं, आणि भोकांत चक्क बुचं बसवलेली. ती झिजली की इंजिन नुसतंच ओरडायचं, गाडी काही चढ चढायची नाही. विलायतेतल्या लढाईमुळे सुटे भाग येईनात. मग दादा दवाखान्यातल्या बाटल्यांची बुचं जमवायचा. ओसरीवर गोणपाट अंथरून बसायचा. बुचं उकळत्या पाण्यात मऊ करायची, भोकांत ठोकायची, वस्तऱ्यानं कापायची आणि सगळी एका पातळीत यावीत म्हणून चकती घासायची... कशावर, तर देवघरातल्या सहाणेवर!

"अरे मेल्या, देवाच्या गंधाला बुचाचा वास येईल," मी कातावायची.

"येऊ दे. देवाला कुठं घाट चढायचाय?"

दिवसभर तो घासायचा नि मी समोर तांदूळ निवडत बसायची. तांदूळ संपले की निवडलेलेच पुन्हा निवडायची.

गेल्या दिवाळीनंतर असाच क्लच उघडला होता, तेव्हा मी एक बूच लपवलं. मिसळणाच्या डब्यात, हळदीखाली. एक बूच कमी म्हणजे दादा आणखी एक दिवस घरात, एवढाच माझा हिशेब. "एक कमी पडतंय गं," तो गोणपाट झटकत म्हणाला. "मग मिळेल की उद्या," मी म्हटलं, नजर वर न करता. त्या संध्याकाळी आम्ही पिठलं-भाकरी खात कितीतरी वेळ बोलत बसलो.

सकाळी वाडीवरचा म्हातारा धनगर दारात. "डाक्तरसायेब, मेंढरं चाऱ्याला तोंड लावंनात. दोन मेली बी." मी धावत स्वयंपाकघरात गेले, हळदीत हात घातला, तोच बाहेरून दादाचा आवाज आला, "तुम्ही व्हा पुढं. तासाभरात निघतो." आणि खरोखरच तासाभरात फटफटी सुरू झाली. मला वाटलं, एका बुचाविनाच निघाला. तेव्हापासून तो दारातून बाहेर पडला की माझा जीव टांगणीला, माझ्या पापानं हा चढावर अडकायचा. तरी सांगायचा धीर झाला नाही, तो नाहीच झाला...

गेल्या आठवड्यात कापूरहोळचा एक मिस्त्री फटफटी विकत न्यायला आला. हत्यारं द्या म्हणाला, म्हणून मी दादाची पिशवी ओतली. तळाशी चहाचा डबा होता. आत बुचंच बुचं. कापलेली, घासलेली, सगळी एका मापाची. "क्लच उघडला की दादाचे दोन-दोन दिवस जायचे," मी म्हटलं. मिस्त्रीनं एक बूच बोटांत फिरवलं. "ही तर तयारच हायती की वं बाई! निस्ती बसवायची. तासाभराचं काम. ह्याला दोन-दोन दिस कशाला लागत्याल?"

कशाला लागत्याल... मला आधी हसू आलं. मग ओसरीवरच बसले आणि मिस्त्रीसमोर ढसाढसा रडले. अरे, एकदा म्हणायचंस ना, आज घरी बसावंसं वाटतंय म्हणून! पण मी तरी कुठं कधी म्हणाले, बस रे आज?

फटफटी गेली. डबा मी दिला नाही. हळदीतलं बूच त्यात टाकलं, सगळ्यांत तेवढं एकच पिवळं आहे. सहाण मात्र धुतलेली नाही. देवाच्या गंधाला अजून बुचाचा वास येतो.