काठोकाठ चहा

न्हाणीघरात ह्यांना धरायला दांडा बसवायचा म्हणून आज सुतार आला. त्याने करवत चालवली आणि पाइनच्या भुशाच्या वासाने मी बारा वर्षं मागे गेले.

तेव्हा हे अंबडच्या कारखान्यात फिटर होते, निवृत्तीला वर्ष उरलेलं. कंपनीत मशिनं यायची त्या खोक्यांच्या पाइनच्या फळ्या स्वस्तात आणून ह्यांनी मागच्या पडवीत वर्कबेंच बांधलं. पुढे घरीच कामं करायची होती. बेंचच्या पायांना तिरप्या पट्ट्या ठोकून झाल्यावर म्हणाले, "काठोकाठ चहा आण." पेला बेंचवर ठेवून शेजारीच हातोडा मारला. चहा थरथरला, पण थेंबही सांडला नाही.

"बघ, आता जन्मात हलायचं नाही हे."

"निवतोय तो, प्या आधी," मी चिडून म्हणाले. एवढंच म्हणाले.

निवृत्तीच्या वर्षीच ह्यांच्या हातांना कंप सुटला. त्या बेंचवर एकही काम झालं नाही. आता कप धरवत नाही, म्हणून मी अर्धाच चहा बेंचवर ठेवते आणि हे वाकून तोंड लावतात.

बेंच अजून तसूभरही हलत नाही. मला त्याचाच राग येतो.