पोट दुखतंय, एवढंच

"हे अपेंडिक्स नाही, अ‍ॅसिडिटीही नाही. एंडोमेट्रिओसिस वाटतंय," बीडच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो. पाळीत तोही सुजतो, त्यातून रक्त येतं, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. माझ्या डाव्या ओव्हरीत, म्हणजे बीजकोशात, सोनोग्राफीत गाठ दिसली होती.

मी तेवीस वर्षांची आहे. सहा वर्षं दुखत होतं.

उशीर आमच्यामुळेच झाला. केजच्या दवाखान्यात आई माझ्याऐवजी बोलायची. पुरुष डॉक्टरांपुढे पाळीचं नाव नको, म्हणून ती सांगायची, "पोट दुखतंय तिचं." गोळ्या मिळायच्या. शाळेत आम्ही मुली 'पिरियड्स' म्हणायचो. घरी मला तोही शब्द उच्चारता यायचा नाही.

बीडला पहिल्याच दिवशी मॅडमनी आईला हातानेच थांबवलं आणि मला विचारलं, "कधी दुखतं?" मी मोबाइल पुढे केला. त्यात दोन वर्षांच्या पाळीच्या आणि दुखण्याच्या तारखा होत्या. त्यांनी त्या शेवटपर्यंत वाचल्या.

एमआरआयच्या दिवशी नेकनूरची मावशी सोबत होती. तिथल्या बाकावर ती आईला म्हणाली, "कावून एवढ्या तपासण्या? लगीन लावून टाक. एक लेकरू झालं की पिशवी काढायची. माझी काढली, मी हाय की ठणठणीत."

"कंबर धरून तर बसलीस," आई म्हणाली.

"ते दुखणं वयानं हाय."

मावशी चाळिशीची आहे. आमच्याकडे गर्भाशयाला पिशवी म्हणतात आणि दाढ काढावी तशी ती काढतात. आईचीही एकतिसाव्या वर्षी काढली. मला आजारापेक्षा त्याचीच भीती होती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संमतीपत्रावर सही करताना मी मॅडमना विचारलं, "पिशवी काढणार नाही ना?" आवाज इतका हळू निघाला की पुन्हा विचारावं लागलं.

"नाही. गाठ काढू, चिकटलेलं सोडवू. बीजकोश वाचवायचा प्रयत्न करू. पण परत होणारच नाही, असं मी सांगणार नाही."

मी सही केली.

लॅप्रोस्कोपी म्हणजे पोटाला लहान छिद्रं पाडून दुर्बिणीने केलेलं ऑपरेशन. शुद्धीवर आले तेव्हा घसा कोरडा होता, पोटात भरलेल्या गॅसमुळे खांदे दुखत होते. मी काही विचारायच्या आत आई म्हणाली, "हाय. सगळं जागेवर हाय."

आता रोज हार्मोनची गोळी घेते. दुखणं बरंच कमी आहे, संपलेलं नाही. तुमचंही असं दुखत असेल तर पाळीशी त्याचा संबंध आहे का, ते डॉक्टरांना स्वतः सांगा. बोलवत नसेल तर लिहून द्या.

टाके दाखवायला गेलो, तेव्हा तपासून झाल्यावरही आई खुर्चीवरून उठलीच नाही. मॅडमना म्हणाली, "माझंबी असंच दुखायचं. मलाबी हेच असंल का?"

"असू शकेल. आता नक्की सांगता येणार नाही."

आईने मान हलवली. मग आपली पाळी, आपलं दुखणं, सगळं पहिल्यापासून सांगायला लागली. बाहेर रांग होती. मॅडमनी तिला थांबवलं नाही.