आधी टेम्पोपाशी

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते शाळेच्या खिचडीचे तांदूळ निवडायचं. आज ऊसतोडीचे टेम्पो गावात आले, डिझेलचा वास घरात शिरला आन् ती संध्याकाळ आठवली. त्याला लई वर्षं झाली.

बायको शाळेत खिचडी शिजवायची. टेम्पो निघायच्या सकाळी आमच्या शाळेत आधी प्रार्थना होत नसे. सगळे गुरुजी टेम्पोपाशी जायचे आन् आजीजवळ राहू शकतील ती पोरं उतरवून घ्यायचे. न्हाईतर पोरं आईबापामागं उसाच्या फडात जायची, शाळा सुटायची. ही रीत जुन्या गुरुजींनी नव्यांना सांगायची. त्या साली जुने सगळे एकदम बदलून गेले.

"उद्या टेम्पो निघायचेत. नव्या गुरुजींना सांगाया पायजे," ती म्हणाली.

"तू काय हेडमास्तरीण हायस?"

"तुमी सुपाकडं बघा. खडा ऱ्हायला तिथं."

रात्रीत ती गेली. छातीत कळ आली म्हणाली, तेवढंच.

सकाळी तिला ओट्यावर निजवलं होतं, पाहुणे यायचे होते. तेवढ्यात रस्त्यावर टेम्पो सुरू झाला. मी उठलो आन् शाळेकडं निघालो. लोकांनी पुढं लई नावं ठेवली, आज त्याचं काही वाटत न्हाई. शाळेत पोरं रांगेत उभी होती. गुरुजींना म्हणालो, "प्रार्थना ऱ्हाऊ द्या. आधी टेम्पोपाशी चला."